बाबांनी चाकू खाली ठेवला त्याची गोष्ट

गेल्या महिन्यात रत्नागिरीत माझ्या वडिलांचं पहिलं वर्षश्राद्ध झालं. घरी नव्हे, सभागृहात. व्यासपीठावर बाबांचा हार घातलेला फोटो होता, समई होती आणि पाच वक्ते होते. त्यातले चौथे बाबांना आयुष्यात दोनदाच भेटलेले, त्यातही एकदा मूळव्याधीसाठी. त्यांनी आवाज चढवून सांगितलं, "मोठ्या डॉक्टरांच्या हातातला चाकू अखेरच्या श्वासापर्यंत सुटला नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या बाईंनी पदराने डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत दातओठ खात बसले होते.

हे धादांत खोटं आहे. बाबांनी मरणाच्या सात वर्षं आधी चाकू खाली ठेवला. तो मी ठेवायला लावला, भर ऑपरेशन थिएटरमध्ये, चार माणसांसमोर. सभागृहातल्या निम्म्या लोकांना हे माहीत होतं. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाहेर पडताना त्यातलेच दोघं मला म्हणाले, "ताई, किती सुंदर बोलले ना?"

या अंकाच्या संपादकांनी मला फोन करून बाबांवर 'काहीतरी हृद्य' लिहायला सांगितलं होतं. हृद्य लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही. जे घडलं ते लिहिते.

मी भूलतज्ज्ञ आहे. लोकांच्या लेखी भूल देणारी बाई. एक इंजेक्शन टोचायचं आणि चहाला निघून जायचं, एवढंच माझं काम असतं असा निम्म्या जिल्ह्याचा समज आहे. माणसाला झोपवणं सोपं असतं हो. त्याला त्या झोपेत दोन-दोन तास जिवंत ठेवायचं आणि वेळेवर परत आणायचं, हे खरं काम. पेशंटला काही कळत नाही, पण त्याच्या शरीराला सगळं कळत असतं. चाकू फिरला की नाडी धावते, रक्तदाब वरखाली होतो, आणि श्वास तर बहुतेक वेळा मीच चालवत असते. पेशंटच्या डोक्याशी माझं स्टूल, त्याच्या छातीवर आडवा हिरवा पडदा, आणि पडद्यापलीकडे सर्जन. कापणाऱ्याचे हात सगळ्यात जवळून आणि सगळ्यात जास्त वेळ कोण बघत असेल, तर ती भूल देणारी बाई.

नाव मात्र सर्जनचं होतं. आंब्याच्या दिवसांत बाबांकडे पेट्या यायच्या. आणणारे मला म्हणायचे, "तुम्ही त्यांचीच मुलगी ना? मग घरात खालच की." एका कोळणीला मी तीन वेळा भूल दिली होती. चौथ्या वेळी मासळी बाजारात ती माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमाला कुटं तरी बगलंय. मोठ्या डॉक्टरांकडं केर काडायला असता काय?" मी हो म्हटलं, आणि तिने मला पापलेट थोडं स्वस्त दिलं.

बाबा रत्नागिरीत आले तेव्हा इथे सोनोग्राफी नव्हती. पोटावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि आत काय फुटलंय ते सांगायचे. उंचीने बेताचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि जिभेला धार अशी की पेशंटचे नातेवाईक त्यांच्यासमोर एका ओळीत उभे राहायचे. कुणी पायाशी वाकून "डॉक्टर, तुम्ही देव आहात" असं म्हटलं की उसळायचे. "देव हवा असेल तर पूल ओलांडून भाट्याला जा, तिथे देऊळ आहे. इथे मी आहे, आणि मी चुकू शकतो."

बाप म्हणून ते कसे होते, असं सभागृहात कुणी विचारलं नाही. मी सांगते. माझ्या दहावीच्या निकालाला ते नव्हते. लग्नात अक्षता टाकल्या आणि अडकलेल्या हर्नियासाठी निघून गेले, ते थेट पाठवणीला उगवले, अंगाला आयोडीनचा वास. आई म्हणायची, "या माणसाशी बोलायचं तर आपल्याच पोटात काहीतरी फुटायला हवं." ती हसत म्हणायची, पण ते हसणं खरं नव्हतं. मी भूलशास्त्र का घेतलं असं मला मुलाखतींत विचारतात, आणि मी काहीतरी भारदस्त उत्तर देते. खरं उत्तर असं की, त्या माणसाजवळ सलग दोन तास बसायला मिळेल अशी जगात एकच जागा होती.

ती जागा मिळाली तेव्हा मी तिशीत होते. पहिल्याच ऑपरेशनला बाबा हात धुऊन, हातमोजे घालून उभे राहिले, दोन्ही हात छातीशी जोडले आणि मला विचारलं, "सुरू करू?" मी गोंधळले. घरात मला न विचारता सगळं करणारा माणूस इथे परवानगी मागत होता. मी घाईघाईने म्हटलं, "हो बाबा."

त्यांनी चाकू उचलला नाही. "हो कुणाकडे बघून म्हणालीस? माझ्याकडे की पेशंटकडे?"

मी मॉनिटर बघितला. रक्तदाब खरंच जरा खाली होता. पाच मिनिटं द्या, असं म्हटलं. ते पाच मिनिटं तसेच, हात छातीशी धरून उभे राहिले. नंतर हात धुताना म्हणाले, "शुभे, त्या पडद्याच्या अलीकडे तू माझी मुलगी नाहीस. तू 'नाही' म्हणालीस की चाकू खाली. कारण नंतर विचारीन."

पुढची बावीस वर्षं प्रत्येक ऑपरेशनला त्यांनी हे विचारलं. साध्या गळवाला सुद्धा. बाहेरून आलेले सर्जन हसायचे. माझ्या 'नाही'वर बाबा अनेकदा थांबले, कधी ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं, आणि एकदाही वाद घातला नाही. वाद घालायला घर होतं.

त्यांच्या खरेपणाची एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण पुढचा माझा राग तिच्याशिवाय कळणार नाही. राजिवड्याहून एक म्हातारे खलाशी पोटात गोळा घेऊन आले होते. बाबांनी पोट उघडलं, आत सगळीकडे पसरलं होतं. हात लावण्यासारखं काही नव्हतं. दहा मिनिटांत परत शिवलं आणि बाहेर गेले. मी दारातच होते. खलाशांचा मुलगा कुवेतहून रजा काढून आला होता. त्याला त्यांनी सांगितलं, "मी काही केलेलं नाही. उघडलं आणि शिवलं. दोन-तीन महिने आहेत."

मुलगा रडत म्हणाला, "डॉक्टरसाब, अम्मीला सांगा की गाठ काढलानी म्हणून. तिला तेवढंच बरं वाटंल."

"नाही सांगणार. तिला खोटं बरं वाटेल आणि मग खरं कळेल तेव्हा ती एकटी असेल." आणि ते स्वतः त्या माऊलीसमोर स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. अर्धा तास बसले होते. ती पुढे वर्षानुवर्षं कुणालाही घेऊन आमच्याकडेच यायची. म्हणायची, "हा मानूस तोंडावर सांगतो."

तर असा हा माणूस. प्रत्येकाच्या तोंडावर खरं सांगणारा. आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याचा उजवा अंगठा दगा द्यायला लागला तेव्हा सगळ्या रत्नागिरीत त्याला तोंडावर सांगणारं कुणी निघालं नाही.

ते सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. सर्जन रक्तवाहिनी बांधतो तेव्हा गाठ दोन बोटांनी खाली ढकलतो, आणि ती घट्ट बसली की नाही हे त्याला डोळ्यांनी नाही, बोटांनी कळतं. बाबांची गाठ सैल राहायला लागली. एकदाऐवजी दोनदा बांधायला लागले. चिमटा हातातून निसटला तर खाली बघायचे, जणू चिमट्यानेच काही आगळीक केली आहे. हे वर्षभर चाललं. आणि त्या वर्षभरात थिएटरमध्ये एक नाटक बेमालूम बसत गेलं. सुहास सिस्टर, आमच्याकडे वीस वर्षं काम करणारी, मूळची मिरजोळ्याची, ती सुई धरायच्या चिमट्यात सुई अशा कोनात लावून द्यायची की बाबांना मनगट वळवावं लागू नये. निखिल, बाबांनीच शिकवलेला चाळिशीचा सर्जन, समोरच्या बाजूने 'मदत' करायचा, म्हणजे अवघड ते स्वतः करायचा आणि "सर, हे घ्या" म्हणून शेवटचा टाका बाबांसाठी सोडायचा. कुणी कुणाशी यावर एक शब्द बोललं नाही. मीही नाही. मीही त्या नाटकात होते, हे लिहून ठेवते.

मग एक पित्ताशयाचं ऑपरेशन आलं. पन्नाशीचे गृहस्थ होते, शाळेत शिक्षक. पित्ताशयाच्या छोट्या रक्तवाहिनीवरची बाबांची गाठ सुटली. पाहता पाहता पोटात रक्ताचं तळं झालं. ज्याने आयुष्यभर असल्या तळ्यात डोळे मिटून चिमटा लावला, त्याचा चिमटा तीन वेळा रिकामा वर आला. माझ्याकडे रक्तदाब साठवर आला होता. मी दोन्ही हातांच्या शिरांतून सलाइन सोडलं, रक्ताची पिशवी दाबून धरली आणि ओरडले, "निखिल!" निखिलने बाबांच्या हाताखालून हात घातला आणि वाहिनी पकडली.

गुरुजी वाचले. बाहेर त्यांच्या बायकोने बाबांचे पाय धरले. "डॉक्टर, तुम्ही होतात म्हणून वाचले." भाऊ हार घेऊन आला. आणि बाबांनी तो हार गळ्यात घालून घेतला. "मी चुकू शकतो" म्हणणारा माणूस, अम्मीसमोर स्टूल ओढून बसणारा माणूस, हार घालून गप्प उभा राहिला. मला त्या दिवशी त्यांचा जेवढा राग आला तेवढा दहावीच्या निकालालाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी निखिलला गाठलं. म्हटलं, तू सांग, तू सर्जन आहेस, तुझं ऐकतील.

"मी कसं सांगू, ताई? मला चाकू धरायला त्यांनी शिकवलंय."

"म्हणूनच सांग."

"त्यांचा मान आहे, ताई." आणि तो चष्मा पुसत बसला.

बाबांचे एक जुने फिजिशियन मित्र होते, त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "ही तुमच्या घरातली गोष्ट. मी पडणं बरं दिसत नाही." म्हणजे सगळ्या गावाचा तो डॉक्टर, सगळ्या गावाचा देवमाणूस, आणि अंगठा तेवढा आमच्या घरातला! सुहासला विचारलं तर ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. म्हणाली, "मॅडम, आमी लहान मानसं. आमी काय बोलनार?"

शेवटी मी घरीच बोलले. सकाळची वेळ होती, बाबा पेज जेवत होते. म्हटलं, बाबा, आता हात थकलाय. मोठी ऑपरेशनं निखिलला करू द्या, तुम्ही पेशंट तपासा.

त्यांनी वर बघितलं नाही. "तू तुझी भूल बघ."

"गुरुजींच्या वेळी काय झालं ते..."

"रक्तस्राव कुणाच्याही हातून होतो. तुला सर्जरीतलं काय कळतं?" आणि लोणच्याची फोड चमच्याने उचलायला गेले, ती ताटाबाहेर पडली. दोघांनी ती पडलेली बघितली. मी उचलली आणि उठले. हीच माझी चूक. तिथेच बसून राहायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी शालन आली. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कोळंबी सोलायच्या कामाला होती, पस्तिशीची, गळ्यावर लिंबाएवढी थायरॉइडची गाठ. गळ्याचं ऑपरेशन नाजूक असतं. त्या गाठीच्या मागून आवाजाची नस जाते, शिवणाच्या दोऱ्याएवढी. ती दुखावली की माणूस आयुष्यभर घोगरा होतो, दोन्हीकडची दुखावली तर श्वास कोंडतो. निखिलने तिला तपासून, मी करीन म्हणून सांगितलं होतं. ती ऐकायला तयार नव्हती. "माज्या आयशीचा पोट मोठ्या डॉक्टरांनीच कापलानी. मना तेच होवे." आणि बाबा म्हणाले, "करतो."

मला त्याच दिवशी नकार देता आला असता. आदल्या दिवशी देता आला असता. भूल द्यायच्या आधी, शालन जागी असताना, तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगता आलं असतं. सांगायचं तर तेव्हाच होतं. पण मला धीर झाला नाही. मीही 'मान' राखत बसले. मास्क लावताना शालनने माझं मनगट धरलं. "मोठे डॉक्टर हायत ना?"

मी म्हटलं, आहेत.

"मग मी निवांत झोपतंय." आणि झोपली.

सुहासने हत्यारं लावली. निखिल समोर उभा. बाबा आले, हात छातीशी जोडले. उजवा अंगठा डाव्या तळव्यात लपवला होता, हे फक्त मला माझ्या बाजूने दिसत होतं.

"सुरू करू?"

मॉनिटर बघितला. नाडी उत्तम, रक्तदाब उत्तम, सगळं उत्तम. पेशंटकडे बघून मला 'हो'च म्हणायला हवं होतं. मी पेशंटच्या गळ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही."

"पाच मिनिटं?"

"नाही. तुम्ही नाही."

सुहासच्या हातातलं काहीतरी ट्रेमध्ये पडलं. निखिल जमिनीकडे बघत होता. बाबा पडद्यावरून माझ्याकडे बघत होते. मास्कमुळे फक्त डोळे दिसत होते. बावीस वर्षांत कारण नंतर विचारलं होतं, त्या दिवशी आधी विचारलं.

"कारण?"

"तुमचा हात."

त्यांनी हात उघडून बघितला. मग सुहासने पुढे केलेला चाकू त्यांनी घेतला आणि ट्रेमध्ये ठेवला. हातमोजे काढले. निखिलला म्हणाले, "माझ्या नावाची परवानगी चालत नाही आता. तुझ्यासाठी तिच्या नवऱ्याची आणतो. तोवर हात लावू नकोस."

मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले, एक डोळा मॉनिटरवर ठेवून. बाहेर शालनचा नवरा बाकावर बसला होता. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी ऑपरेशन करणार नाही. माझा हात नीट चालत नाही. माझ्या मुलीने मला थांबवलंय. डॉक्टर निखिल करतील, ते हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतात. तुला नको असेल तर तुझ्या बायकोला आत्ता उठवू, घरी घेऊन जा." एक शब्द इकडेतिकडे नाही. तो बिचारा भांबावला, पण हो म्हणाला आणि सही केली.

सभागृहातल्या पाचही वक्त्यांना मला विचारायचं आहे, हे का नाही सांगितलंत? एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने एका मजुरापुढे हे कबूल केलं, यापेक्षा मोठं काय केलं त्यांनी आयुष्यात? मी आयोजकांना आधी म्हटलं होतं, हे सांगा. ते हात जोडून म्हणाले, "ताई, ते आता कशाला? चौकाला नाव द्यायचं चाललंय."

निखिलने दोन तासांत गाठ काढली. शालनचा आवाज शाबूत राहिला. त्याच शाबूत आवाजात तिने महिन्याभराने भर बाजारात मला झापलं, "माजा ऑपरेशन मोठ्या डॉक्टरांनी नाय केलानी! तुमी मला फसवलात!" चार लोक थांबून बघायला लागले. तिचं बरोबर होतं. मी तिला 'आहेत' असं सांगून झोपवलं होतं.

गावाने मात्र वेगळीच गोष्ट रचली. पोरीने बापाला बाहेर काढलं, तिला दवाखाना हवा होता. ज्यांना अंगठा माहीत होता त्यांनीही ही गोष्ट चवीने ऐकली. निखिलला कुणी काही बोललं नाही. सुहासला नाही. सांगितलं एकटीने, म्हणून शिव्या खाल्ल्या एकटीने.

बाबा त्यानंतर थिएटरची पायरी चढले नाहीत. माझ्याशी आठ महिने बोलले नाहीत. जेवणाच्या वेळा बदलल्या. मी आत आले की पेपर वर जायचा. मग हळूहळू बोलायला लागले, पावसाबद्दल, कलमांबद्दल, गॅसच्या शेगडीबद्दल. त्या दिवसाबद्दल कधीही नाही.

एकदा दुपारी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी थांबले. ते कपाटासमोर खुर्ची घेऊन बसले होते. कपाटाच्या मुठीला काळा दोरा अडकवला होता आणि गाठी मारत होते. शिकाऊ सर्जन असाच सराव करतात, वसतिगृहाच्या खिडक्यांना. एक गाठ मारली, ओढून बघितली, सुटली. दुसरी मारली. सुटली. ऐंशी वर्षांचा माणूस. मला आत जाऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसावंसं वाटलं. मी दार लोटून घेतलं. मुठीवर दोरा नंतर कित्येक महिने दिसायचा, रोज नवा.

ते गेले न्यूमोनियाने, घरीच, मी शेजारी असताना. माझा हात त्यांच्या हातात होता आणि त्या अंगठ्याला जोर नव्हता. मी शेवटपर्यंत वाट बघितली. मला माफी नको होती, शाबासकीही नको होती. एकदा म्हणायचं होतं, 'शुभे, तू बरोबर होतीस.' म्हणाले नाहीत. मला याचा आजही राग आहे. मी बरोबर होते, बाबा. शालनच्या आवाजाची शपथ, मी बरोबर होते, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.

आपल्याकडे याला मान राखणं म्हणतात. मोठ्या माणसाचा तोल जात असताना नजर दुसरीकडे वळवायची, कुणाचा तरी बळी जाईपर्यंत वळवून ठेवायची, आणि मग सभागृह घेऊन टाळ्या वाजवायच्या. मला असला मान नको आहे. हे मी इथे छापून ठेवते, म्हणजे उद्या माझ्यावर कुणी भाषण करायला नको.

इथवर लिहून झालं त्या दिवशी सकाळी एक हर्नियाचं ऑपरेशन होतं. पेशंट वॉर्डमध्ये गेला, निखिल हात धुवायला गेला. थिएटरमध्ये मी आणि सुहास दोघीच उरलो. लेखाचा आवेश अंगात होता. मी सुहासला म्हटलं, "हे बघ, मी आता साठीची. माझं कधी काही चुकताना दिसलं तर तू तोंडावर सांगायचं. बाबांच्या वेळी गप्प बसलात तसं बसायचं नाही. कळलं?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालायची थांबली.

"आज सांगितला तर चालंल, मॅडम?"

"म्हणजे काय?"

"रागावू नका. पन वरीस झाला. मशीन वराडतं ता तुमाला ऐकू येत नाय. मी मुद्दाम खोकतंय, मंग तुमी बगता. निखिल सरांना पन म्हायत हाय."

ज्यांना हे कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. पेशंटच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरून मशीन त्याच्या रक्तातला प्राणवायू मोजतं आणि दर ठोक्याला आवाज करतं. प्राणवायू कमी झाला की तो आवाज खाली उतरतो, मग मशीन ओरडायला लागतं; चिमटा बोटावरून निघाला तरी ओरडतं. तीस वर्षं मी त्या आवाजावर जगले आहे. पाठ फिरवून बसले असले तरी तो मला सांगत असतो. आणि ही बाई म्हणत होती की तो मला ऐकू येत नाही!

मला तिचा भयंकर राग आला. पंचवीस-तीस वर्षं माझ्या हाताखाली काम करणारी बाई, आणि वर्षभर माझ्या पाठीमागे निखिलशी खोकल्याचे खेळ खेळत होती. मी आवाज चढवून म्हटलं, "उगाच काहीतरी बोलू नकोस. कधी वाजलं आणि मला ऐकू आलं नाही, असा एक दिवस दाखव."

सुहासने हातातला कपडा ट्रॉलीवर ठेवला. माझ्या खांद्यामागे बघितलं.

"आत्ता पन वाजतंय, मॅडम."

मी वळले. पेशंटच्या बोटाचा चिमटा काढून तसाच टेबलावरून लोंबत सोडलेला होता, आणि मशीनवरचा लाल दिवा जोरजोरात लुकलुकत होता.